ड्रॅगन मारला, तरी कुणी ‘बसा’ म्हणेना

रोनेननं तो प्रश्न विचारला तो निव्वळ जीव वाचवायला. शुक्रवारी रात्रीचं शब्बातचं जेवण चाललं होतं आणि त्याची आई बत्या माशांच्या कालवणापासून निघून हळूहळू त्याच्या लग्नाकडे सरकत होती. हा प्रवास ठरलेला असे. आधी बाजारात बोय मासळी किती ताजी होती, मग बाजारात कोण भेटलं, मग जी भेटली तिची भाची, आणि ती भाची दर खेपेला नर्स असे. देशात एवढ्या नर्सा असून इस्पितळात गेलं की एकही जाग्यावर का नसते, हे कोडं बेझालेल आवासकरांना, म्हणजे रोनेनच्या वडिलांना, कधीच सुटलं नव्हतं. तर गाडी भाचीपर्यंत आली तशी रोनेननं घाईघाईनं बापाकडे तोंड वळवलं आणि हिब्रूत विचारलं, “अबा, आम्ही गेमचा नवा भाग करतोय. तुला त्यात काय असावंसं वाटतं?”

हिब्रूत सगळ्यांनाच ‘तू’. पंतप्रधानाला तू, बसड्रायव्हरला तू, बापालाही तू. आवासकर ऐकता ऐकता मनातल्या मनात त्याचं ‘तुम्ही’ करून घेत, म्हणून घर शांततेत चाललं होतं. पण त्या दिवशी तेही राहून गेलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

मुंबई सोडून इस्रायलात उतरल्यापासून त्यांना पुष्कळांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. सरकारनं सांगितलं, अश्दोदला राहा. बंदरातल्या गोदामात साहेबानं सांगितलं, इथं सही करा. पहिल्या आखाती युद्धात रेडिओनं सांगितलं, विषारी वायूसाठीचा मुखवटा असा बांधा. निवृत्त झाल्यावर डॉक्टरनं सांगितलं, मीठ सोडा. परंतु तुम्हाला काय असावंसं वाटतं, हे आजवर ना सरकारनं विचारलं, ना साहेबानं, ना डॉक्टरनं. बत्या विचारत असे, पण ते भाजीपुरतं.

“विचार करून सांगतो,” आवासकर म्हणाले.

विषय मिटला असं रोनेनला वाटलं. त्याचा जन्म इथला, त्यामुळे बाप मुंबईत असताना एका क्रिकेट क्लबचा सेक्रेटरी होता याचं गांभीर्य त्याला कळलेलं नव्हतं. त्या क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं, बॅटीही दोनच होत्या, पण सभा मात्र रीतसर होत.

आता हा गेम काय, ते सांगायला हवं. रोनेन पेताह तिक्व्याच्या एका कंपनीत होता. कंपनी म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्या. त्या खोल्यांत बसून काही तरुण मुलंमुली कॉम्प्युटरमध्ये एक अख्खं राज्य उभं करत होती. त्यात डोंगर होते, जंगलं होती, जादूगार होते, ड्रॅगन होते, आणि खेळणाऱ्यानं एक वीर होऊन मनाला येईल तिकडं हिंडायचं होतं. पहिला भाग बाजारात येऊन गेला होता. दुसऱ्यासाठी परदेशातला एक प्रकाशक पैसे लावायला तयार होता, पण त्याचं म्हणणं असं, की इतर कुठल्याही गेममध्ये नाही अशी एक तरी गोष्ट दाखवा. वसंतातल्या पेसाहच्या सणाआत दाखवा. नाहीतर राम राम, म्हणजे त्याच्या भाषेत जे काय म्हणत असतील ते.

आणि तसं झालं तर कंपनी बंद आणि रोनेन कॅनडाला. हे रोनेननं सांगितलेलं नव्हतं. दर आठवड्याला तो धुण्याची पिशवी घेऊन घरी येई, तिच्यात बत्याला लोकरीचे जाडजूड पायमोजे सापडले. अश्दोदमध्ये असले पायमोजे घालून माणूस फक्त वेड्यांच्या इस्पितळात जाऊ शकतो. बत्यानं ते नीट घडी करून पिशवीत परत ठेवले, आणि स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याला म्हणाली, “अहो, पोरगा थंडीच्या गावाला निघालाय.”

त्या संध्याकाळी आवासकरांनी गॅलरीत उभं राहून मनातल्या मनात एलियाहू हन्नबी पैगंबराला नवस बोलून टाकला. पोरगा इथंच राहू दे, तुझ्या नावानं मलिदा करतो. मलिदा म्हणजे आपल्या बेने इस्रायलींचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, आभाराचा प्रसाद. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि मग ताटं फिरतात. जगाच्या पाठीवर ज्यू पुष्कळ, पण पैगंबराला पोह्यांवर राजी करणारे आपणच. नवस बोलल्याचं त्यांनी बत्यालाही सांगितलं नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की पातळ होतात, असं त्यांचं मत होतं.

नवस झाला, आता प्रयत्न. रोनेननं गेमचा पहिला भाग घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवून दिला होता. आवासकर रोज नाश्ता करून, धुतलेला शर्ट घालून त्याच्यासमोर बसू लागले.

पहिल्या दिवशी त्यांचा वीर एका खेड्याच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. कुणी ‘या’ म्हणालं नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला. पाऊस आला. वीर भिजला. मग एक लांडगा आला आणि त्यानं वीराला खाल्लं. आवासकरांनी रोनेनला फोन करून विचारलं, की तुमच्या राज्यात पाहुण्याला ही वागणूक आहे का. रोनेन म्हणाला, अबा, सरळ आत शिरायचं असतं. आवासकर म्हणाले, ओळख ना पाळख, असा कसा शिरू?

दुसऱ्या दिवशी शिरले. आत गेल्यावर कळलं, की या राज्यात कुणाच्याही घरात घुसावं, कपाटं उघडावीत, सापडेल ते पाव, सुरे, मेणबत्त्या खिशात घालाव्यात आणि चालू पडावं. घरवाली तिथंच झाडू मारत असते, ती बघत राहते. पोराला कॉलेजात घातलं ते हे शिकायला का, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी वीराकरवी एकाही कपाटाला हात लावला नाही. परिणामी त्यांच्या वीराकडे ढाल नव्हती, तलवार नव्हती, खायला नव्हतं; होती फक्त अब्रू. लांडग्यांना तिचं काही वाटत नसे.

तरीही त्यांनी ड्रॅगन मारला. कसा, हे अजून तज्ज्ञांना कळलेलं नाही. ड्रॅगन स्वतःच्या चुकीनं एका पुलाखाली अडकून बसला होता आणि आवासकर एका काठीनं त्याला दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत ढोसत राहिले. कंटाळून मेला असावा. वीर मोठ्या उमेदीनं गावात परत आला. वेशीवर लोहार होता. लोहार म्हणाला, सुप्रभात, वाटसरू, हल्ली लांडगे फार झालेत. हेच तो आधीही म्हणाला होता. आवासकर थांबले. लोहार पुन्हा म्हणाला, सुप्रभात, वाटसरू.

“ड्रॅगन मारून आलो,” आवासकर बत्याला म्हणाले, “तरी कुणी बसा म्हणेना.”

बत्या पदराला हात पुसत येऊन पडद्याकडे बघू लागली. लोहाराकडे तिचं लक्षच नव्हतं. “त्याचे कपडे बघा,” ती म्हणाली. “कितीक दिवस तेच अंगावर. राज्यात एक दोरी नाही वाळत घालायला.”

ही दुसरी सूचना. तिसरी, चौथी आणि पुढच्या बऱ्याच खालच्या मजल्यावरून आल्या. तिथं यित्झहाक राहत होता. मूळचा मोरोक्कोचा, निवृत्त बसड्रायव्हर, आणि इमारतीच्या समितीचा कायमचा अध्यक्ष, कारण निवडणुकीची चिठ्ठी तोच लावत असे आणि तोच काढत असे. माशांच्या वासाची तक्रार घेऊन तो वर आला, कॉम्प्युटरसमोर थांबला, आणि तक्रार विसरून खुर्ची ओढून बसला. एवढं मोठं राज्य आणि एक बस नाही, याचा त्याला मनापासून राग आला. मग त्यानं मेलेला ड्रॅगन बघितला. हा उचलणार कोण, त्यानं विचारलं. अर्धा पुलाच्या अलीकडे, अर्धा पलीकडे, म्हणजे दोन नगरपालिका, म्हणजे हा उन्हाळ्यापर्यंत इथंच पडणार. गेममध्ये वास येत नाही असं आवासकरांनी सुचवलं. यित्झहाक म्हणाला, तुम्हाला कुठलाच वास येत नाही.

बातमी किर्यात मलाखीला पोचली. तिथं बत्याचा धाकटा भाऊ सॅमसन राहत होता. तो पहिल्या बसनं आला आणि दारातच म्हणाला, “भावोजी, मैदान हवं. एवढी गवताळ जमीन मोकळी टाकलीय त्यांनी. पाच दिवसांची मॅच ठेवा, ड्रॅगनबिगन राहू देत बाजूला.” मग दोघांचा वाद लागला तो ड्रॅगननं शब्बातला हल्ला करावा की नाही यावर. आवासकरांचं म्हणणं, एक दिवस तरी वीराला विसावा हवा. सॅमसन म्हणाला, ड्रॅगन कुठं ज्यू आहे? त्याला काम करायला मनाई नाही. यित्झहाकला हिब्रूत समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, प्रश्न ड्रॅगनचा नाही, त्याच्या मालकाचा आहे; मालक ज्यू असला तर जनावरालाही शब्बात. ड्रॅगनला मालक असतो का, यावर दुपार गेली.

हे सगळं आवासकर दर शुक्रवारी रोनेनला ऐकवत. रोनेन मान हलवी. पण एकदा त्यानं कंपनीत गंमत म्हणून लोहाराची गोष्ट सांगितली, आणि त्याची साहेबीण अविताल हसली नाही. तिनं विचारलं, अशी आणखी माणसं आहेत? गेम कधीच न खेळलेली? दोघं-तिघं जमव, मी येते अश्दोदला, बसून ऐकू.

दोघं-तिघं म्हणजे घरच्या सोफ्यावर मावली असती. पण मुंबईच्या क्लबचा सेक्रेटरी जागा झाला होता. परगावच्या साहेबीणबाई येणार, विषय राज्याचा, तर सभा हवी. सभेला सभागृह हवं. आवासकर इस्त्रीची पँट घालून वस्तीच्या समाजकेंद्रात गेले.

तिथं काउंटरवर एफ्रत नावाची तरुण बाई होती. तिनं विचारलं, कार्यक्रम कसला? आवासकर म्हणाले, भविष्यकाळात होऊ घातलेल्या एका राज्यात काय काय असावं याविषयी नागरिकांची सभा. एफ्रतनं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, राजकीय सभेला पोलिसांची परवानगी लागते. आवासकर म्हणाले, राजकीय नाही, त्या राज्यात निवडणुका नाहीत. हे ऐकून ती आणखी काळजीत पडली. सार्वजनिक सभेला विमा लागतो, दारावर बॅगा तपासायला पहारेकरी लागतो, आणि अग्निशमनवाल्यांचा दाखला लागतो. ड्रॅगनचा विषय निघणार असल्याने आवासकरांना शेवटची अट वाजवी वाटली, पण दाखल्याला दोन महिने लागतात म्हणे. तोवर पेसाह उलटून गेला असता.

एफ्रत मनानं चांगली होती. ती म्हणाली, घरगुती समारंभाला यातलं काही लागत नाही. सुंता, तेराव्या वर्षीचा बार मित्झवा, वर्षश्राद्ध. मग एकदम तिला आठवलं. “तुम्ही भारतातले लोक ते पोह्यांचं करता ना? ते लिहू? मंगळवार मोकळा आहे.”

आवासकर हो म्हणाले. कागदावर काय, काही लिहिलं तरी सभागृहाच्या खुर्च्या त्याच राहतात, असा त्यांचा हिशोब. घरी येताना त्यांनी स्वतःच्या चातुर्याबद्दल एक सोडा प्यायला.

दुसऱ्या दिवशी समाजकेंद्राच्या फलकावर सुवाच्य हिब्रूत लागलं: मंगळवारी संध्याकाळी आवासकर कुटुंबाचा मलिदा, सर्वांना आमंत्रण. सर्वांना आमंत्रण हे एफ्रतनं आपणहून घातलं होतं, कारण प्रत्येक मलिद्याला सगळेच येतात हे तिनं बघितलं होतं.

दुपारपर्यंत फोन गरम झाला. आपल्या लोकांत मलिदा लागला म्हणजे नवस पावला. मग कसला पावला? रोनेनचं जमलं का? नर्स आहे का? बत्याच्या गुडघ्याचं झालं का? एक बाई बेर शेवाहून नुसतं रडायला फोन करून गेली, आनंदानं. सॅमसननं किर्यात मलाखीहून फोन करून सांगितलं, की सख्ख्या मेहुण्याला फलकावरून कळावं हे बरं नाही, पण आपण अपमान गिळून नारळ घेऊन येत आहोत. आवासकरांनी त्याला सांगायचा प्रयत्न केला की ही सभा आहे. सॅमसन म्हणाला, सभा तर सभा, पोहे किती किलो?

बत्या फोन ठेवून खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला होता.

“अहो, तुम्ही नवस बोलला होतात ना?” ती म्हणाली. “रोनेनचा.”

“तुला कसं कळलं?”

“गॅलरीत उभं राहून ओठ हलवत होतात. मीही तोच बोलले होते, स्वयंपाकघरात.” ती म्हणाली. “अजून पावला नाही, आणि आपण फेडायला बसलो. एलियाहू हन्नबीला वाटेल, यांचं काम झालं. मग तो कशाला लक्ष घालील?”

आजवर आपल्या लोकांनी नवस उशिरा फेडले होते, विसरले होते, थोडक्यात उरकले होते. पण पावण्याआधीच फेडण्याचा प्रकार कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी मोझेस अंकलना फोन लावला. हे वस्तीतले सगळ्यात वडील, प्रत्येक मलिद्याला प्रार्थना तेच म्हणत. आगाऊ आभार मानले तर ते आभार नाहीत, ती भीड घालणं झालं, ते म्हणाले; आणि एलियाहू हन्नबी भिडस्त नाही. रद्द करायचा तर? तेही नको. फलकावर त्याचा मलिदा लागला, आता तो उतरवणार कोण? मग करू काय, अंकल? अंकल म्हणाले, दुसरं काहीतरी शोध, ज्याचे आभार राहिलेत. एवढं आयुष्य झालं, एखादं सापडेल.

आवासकर शोधायला बसले, आणि भलत्याच संकटात सापडले. एक शोधायला गेले तर रांग लागली. इथं आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात नळ फुटला, यित्झहाकनं बसचा गणवेश घातलेल्या अवस्थेत तो बांधून दिला होता. आभार मानायचे राहिले, कारण भाषा येत नव्हती. भाषा शिकवणारी बाई होती. तिला शेवटच्या दिवशी सांगायचं होतं, पण वाक्य बनेना. गोदामातला साहेबही आठवला, जो ओरडायचा, पण वडील मुंबईत वारल्याची तार आली तेव्हा शेजारी मुकाट बसून राहिला होता. यातलं कुठलं निवडावं? एक घेतलं तर बाकीच्यांचा अपमान. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी गेमला हात लावला नाही. लोहारावर रागवायचा अधिकार आपल्याला उरलाय का, याची त्यांना शंका येऊ लागली होती.

मंगळवार उजाडला. अवितालला घेऊन रोनेन संध्याकाळी समाजकेंद्रात आला तो दोघातिघांना भेटायच्या तयारीनं. तिच्या हातात लहानसा टेपरेकॉर्डर होता. आत वस्तीतली झाडून सगळी माणसं होती, किर्यात मलाखीहून बस भरून आली होती, खुर्च्या संपून लोक खिडक्यांत बसले होते, आणि टेबलावर पोह्यांचे डोंगर होते. रोनेननं डोळे मिटून घेतले. कॅनडा त्याला एकदम जवळचा वाटला असावा. अवितालनं विचारलं, हे सगळे गेमसाठी? रोनेन म्हणाला, मला माहीत नाही, आणि ते खरं होतं.

मोझेस अंकलनी डोकं झाकलं, ताटांकडे बघितलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, “बेझालेल, कशाबद्दल?”

बेर शेवाची बाई रुमाल घेऊन तयार होती. आवासकर उभे राहिले. त्यांनी नळ, बाई, साहेब हे सगळं क्रमवार पाठ करून आणलं होतं. समोर दारापाशी त्यांना रोनेन दिसला, आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

“माझ्या मुलानं मला एक प्रश्न विचारला,” ते म्हणाले. “तुम्हाला काय असावंसं वाटतं, म्हणून. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं. त्याबद्दल.”

आणि ते खाली बसले.

अवितालनं रोनेनला कोपरानं ढोसलं, काय म्हणाले? लहानपणापासून मराठीला हिब्रूत उत्तर देत आलेला तो मुलगा. त्याला ती भाषा कळे, पण ती दुसऱ्याला सांगायची वेळ कधी आली नव्हती. त्यानं सांगायला सुरुवात केली, मध्येच थांबला, आणि पुन्हा सांगितलं. ‘तुम्हाला’ या शब्दापाशी तो अडला होता. आपण तसं विचारलं नव्हतं, हे त्याला आठवत होतं.

मोझेस अंकल म्हणाले, हे चालेल. प्रार्थना सुरू होणार, एवढ्यात बत्या उठली. आता ताटं मांडलीच आहेत तर माझंही एक घ्या, ती म्हणाली. आखाती युद्धात सायरन वाजत होते, रोनेनच्या मुखवट्याचा पट्टा तुटला होता, तेव्हा नवस बोलले होते, आणि दुसऱ्या दिवशी घर आवरण्यात राहून गेलं. अंकलनी मान डोलावली. मग कोपऱ्यातली एक म्हातारी उठली, तिचा बोटीवरचा होता. मग सॅमसन उठला आणि त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की अश्दोदविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटचा चेंडू वाइड पडावा म्हणून त्यानं नवस केला होता. तो चेंडू वाइड नव्हता असं अश्दोदवाले तेव्हापासून म्हणत आले होते. सभागृहात बरीच गडबड झाली. अंकलनी नवस मान्य केला, चेंडूवर मत दिलं नाही.

थकलेले नवस असे एकामागून एक बाहेर येऊ लागले. शेवटी यित्झहाक उभा राहिला. मी तुमच्यातला नाही, तो म्हणाला, पण माझंही एक आहे. त्याच युद्धात आम्ही सगळे आवासकरांच्या बंद खोलीत बसलो होतो. मी म्हटलं होतं, ही इमारत उभी राहिली तर या बाईंच्या घरी जे शिजेल ते मी तोंड वाकडं न करता खाईन. इमारत उभी आहे. मी मात्र दर आठवड्याला वासाची तक्रार घेऊन जातो.

बत्यानं पोह्यांची बशी भरून त्याच्या हातात दिली. तो उभ्या उभ्या खाऊ लागला. गोड आहे, तो आश्चर्यानं म्हणाला, मासे नाहीत.

अविताल आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. टेपरेकॉर्डर तिनं कधीच बंद केला होता. ती मोझेस अंकलपाशी गेली आणि तिनं विचारलं, “आणि नवस फेडला नाही तर? काय होतं?”

“काही नाही,” अंकल म्हणाले.

“काहीच नाही? शिक्षा वगैरे?”

“काही होत नाही, मुली. तुला माहीत असतं, एवढंच.”

अवितालनं जवळची खुर्ची ओढली आणि ती बसली. रोनेन सांगतो, की तिनं पोह्यांची एक बशी पुढं ओढली. मग म्हणाली, हे आहे. हेच दाखवायचं.

पेसाहच्या आधी त्यांनी ते दाखवलं. नव्या राज्यात वीर कुठल्याही संकटाआधी मनात काहीही बोलून ठेवू शकतो: अमुक झालं तर तमुक करीन. झाल्यावर ते करायचं की नाही, हे त्याच्यावर. नाही केलं तर कुणी मारत नाही, तुरुंगात टाकत नाही. फक्त प्रवासात केव्हातरी, शेकोटीपाशी बसला असताना, वीराला ते आठवतं. परदेशी प्रकाशकानं म्हणे पहिल्याच बैठकीत तीन नवस बोलले आणि एकही फेडला नाही, आणि मग जेवणाच्या सुट्टीत उठून परत येऊन खेळायला बसला. मागितलेल्यापेक्षा थोडे कमी पैसे त्यानं कबूल केले. कंपनी राहिली. बस आली नाही, कपडे वाळत घालायची दोरी आली. मैदानाबद्दल सॅमसन अजून पत्रव्यवहार करतो आहे.

एका शुक्रवारी रोनेननं धुण्याची पिशवी आणली. बत्यानं उघडली. पायमोजे नव्हते. विचारल्यावर तो म्हणाला, देऊन टाकले, एका मित्राला, तो जातोय. मग कालवणात चमचा फिरवत त्यानं विचारलं, “अबा, तुम्हाला गेम बघायचाय का, नवा?” मराठीत विचारलं, अडखळत. बत्यानं त्या दिवशी भाचीचा विषय काढला नाही.

आवासकरांनी नवा गेम बघितला. वीर वेशीवर पोचला, तसा लोहारानं हातोडा खाली ठेवला, एक स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाला, या, बसा. आवासकर बराच वेळ वीराला तिथंच बसवून होते. रोनेननं विचारलं, पुढं नाही जायचं? ते म्हणाले, बोलावलंय त्यानं, लगेच उठणं बरं दिसत नाही.

रविवारी ते इस्त्रीची पँट घालून समाजकेंद्रात गेले. रांग होती. आवासकरांच्या त्या मलिद्यानंतर वस्तीतल्या इतक्या लोकांना आपापले जुने नवस आठवले होते, की उन्हाळ्यापर्यंत सभागृह भरत आलं होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा एफ्रतनं चष्म्यावरून बघितलं. आता तिला सगळं ठाऊक झालं होतं.

“पुन्हा पोह्यांचं?” ती म्हणाली. “तुमचं तर झालं ना?”

“तो पोरानं विचारलं म्हणून होता,” आवासकर म्हणाले. “हा तो इथंच राहिला म्हणून.”

एफ्रतनं लिहून घेतलं. मग सवयीनं विचारलं, घरगुती की सार्वजनिक? आवासकर उत्तराची जुळवाजुळव करू लागले, तोच रांगेत मागं उभ्या असलेल्या यित्झहाकनं त्यांच्या खांद्यावरून डोकं पुढं काढलं.

“सार्वजनिक लिही,” तो म्हणाला. “आणि खाली लिही, मासे नकोत.”